छडीविना शिस्त शिकविणाऱ्या ताराबाई मोडक

हरमलच्या किनाऱ्यावर पोरे शिंपले गोळा करतात आणि घरी नेल्यावर पुष्कळदा बोलणी खातात. हेच शिंपले, चिंचोके, खडे आणि बिया यांना ताराबाई मोडक यांनी शिक्षणाच्या साहित्याचा मान दिला. मूल खेळता खेळता मोजते, रंग ओळखते आणि घेतलेली वस्तू पुन्हा जागच्या जागी ठेवायला शिकते. शिस्तीचा पहिला धडा त्यांच्या लेखी हाच होता.

१९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणात वाढल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. पदरी लहानगी मुलगी होती. त्या काळात घटस्फोटित स्त्रीने एकटीने मूल वाढवणे म्हणजे चारचौघांच्या नजरा रोज झेलणे. राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयातील प्राचार्यपदाने त्यांना स्थैर्य दिले होते. तेही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

तेथे शिक्षा नव्हती, आणि बक्षीसही नव्हते. यातील दुसरी गोष्ट आजच्या पालकांनाही पचायला जड जाते. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतला शांततेचा खेळ तेथे चाले. मुले डोळे मिटून स्तब्ध बसत, बारीकसारीक आवाज टिपत आणि हलक्या स्वरात आपले नाव ऐकू आले की पावले न वाजवता उठून येत. ‘गप्प बसा’ असे दरडावून जी शांतता क्षणभरही टिकत नाही, ती मुले खेळ म्हणून आपणहून पाळत. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघामार्फत आणि ‘शिक्षणपत्रिके’तून ताराबाईंनी हा विचार मराठी घरांपर्यंत नेला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले.

परंतु माँटेसरीची साधने महाग होती, गरिबाच्या झोपडीला न परवडणारी. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली; हीच अंगणवाडी. आधी अंघोळ, नखे, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. सारे स्थानिक साहित्यावर. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथील आदिवासी मुले गुरे राखत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी. पेडणे तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर आज हा शब्द कोकणी बोलण्यातही सहज येतो. हरमलात तर शिक्षक घडविणारे गणपत पार्सेकर शिक्षण महाविद्यालयही आहे. तरीही तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन गृहपाठ मागण्याची घाई गावोगावी वाढते आहे. कोसबाडला अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, हे काम चालू ठेवले.