नामदेवांच्या घरचा नैवेद्य

कुरुंदा, औंढा नागनाथ आणि नर्सी ही तिन्ही गावे आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहेत. यांपैकी नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. काही अभ्यासक हा मान पंढरपुरास देतात; आम्हां कुरुंद्याच्या लोकांचा ओढा मात्र नर्सीकडे, हे कबूल केले पाहिजे. नामदेवांचा जन्म १२७० साली झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंप्याचा आणि घरात विठ्ठलाची उपासना.

एके दिवशी दामाशेटी परगावी गेले. देवाला नैवेद्य दाखविण्याचे काम लहानग्या नामदेवावर आले. वडील नेलेला नैवेद्य देव रोज जेवतो, अशी त्या बालकाची समजूत. त्याने ताट पुढे ठेवले, हात जोडले आणि तो वाट पाहू लागला. देव हलेना. आपल्या हातून काही चुकले काय? भरलेले ताट परत नेले तर आई काय म्हणेल? बालक रडकुंडीस आले आणि देवाच्या पायांवर डोके आपटू लागले. तेव्हा विठ्ठलाने तो नैवेद्य खाल्ला, अशी कथा आहे. रिकामे ताट पाहून गोणाईला मात्र शंका आली, की पोरानेच सारे फस्त केले असावे!

पुढे मोठेपणी एका कुत्र्याने नामदेवांची पोळी पळविली. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, या काळजीने नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. अंगणात कुत्रे आले की काठी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट थोडी अडचणीचीच वाटते.

नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. त्यांची व नामदेवांची भेट औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात झाली असे सांगतात. या विसोबांची गोष्टही अन्नाचीच आहे. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते. परंतु तिला खापर मिळू नये अशी तजवीज विसोबांनी केली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले. हे पाहताच विसोबांचा गर्व गळाला. ज्या भावंडांचा त्यांनी छळ केला, त्यांच्याच पानातील उष्टे त्यांनी प्रसाद म्हणून खाल्ले.

देव जेवला, कुत्र्याला तूप मिळाले. परंतु नामदेवांच्या घरी काय शिजत होते? नामदेव भजनात रमले आणि शिवणकाम मागे पडले. घरात धान्य नाही, मुले उपाशी, ही गोणाईची आणि पत्नी राजाईची तक्रार त्यांच्या नावावरील अभंगांत आजही वाचावयास मिळते. त्या दोघींचे म्हणणे खोटे होते असे मला कधीच वाटले नाही. चूल त्यांनाच पेटवावी लागे. याच घरात जनाबाई दासी होती. तिच्या जात्याला हात लावून विठ्ठल दळू लागे, अशी कथा लोकांनी सांगितली, यात नवल नाही.

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. १३५० साली त्यांनी पंढरपुरी देह ठेवला, असे वारकरी मानतात. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील त्यांच्या पायरीवर कोणी पाय देत नाही. वारकरी तिथे माथा टेकतात आणि मगच आत जातात.