मेलेला साप टांगून माशांची वाट बघणारा मास्तर : ज्यां-आंरी फाब्र

घरात माशी शिरली की हात आपोआप वर्तमानपत्राच्या घडीकडे जातो. त्यात ती मटणाच्या दुकानात आणि उकिरड्यावर घोंगावणारी चकचकीत हिरवी-निळी माशी असेल तर विचारायलाच नको. पण फ्रान्समध्ये एक शाळामास्तर होऊन गेला. या माशांनी आपल्या बागेत यावं म्हणून तो बोरूच्या तिकाटण्यांवर वाळूची भांडी टांगायचा आणि त्यात मेलेले साप, सरडे ठेवायचा. गावातली पोरं चार पैशांच्या आशेने हा माल आणून द्यायची. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

या म्हाताऱ्याचं नाव ज्यां-आंरी फाब्र. जन्म 1823 चा, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेऑं या खेड्यातला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. शिष्यवृत्ती मिळवून तो शिक्षक झाला, पण पगारात घर चालेना. मग मंजिष्ठासारख्या एका झाडाच्या मुळापासून लाल रंग काढण्याच्या कामात त्याने कित्येक वर्षं घातली. रंग जमला, पैसा दिसू लागला, आणि 1860 च्या दशकाच्या शेवटी जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत बनवला. सगळं मुसळ केरात!

खरा घाव पुढे बसला. आविन्यों शहरात तो मुलींना विज्ञान शिकवायचा. फुलात फलन कसं होतं, हे त्याने वर्गात समजावून सांगितलं. तेवढ्यावरून गावातले सनातनी भडकले. 1870 मध्ये त्याची नोकरी सुटली आणि घरमालकिणींनी त्याला बायकापोरांसह घराबाहेर काढलं. हातात दमडी नव्हती. अशा वेळी धावून आला तो इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल. बायकोची कबर आविन्योंत असल्याने तो तिथेच राहायचा. त्याने 3000 फ्रँक उसने दिले. फाब्रने पुढे ते फेडले.

शालेय पुस्तकं लिहून पैसे साठवत अखेर 1879 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, फाब्रने सेरिन्यां गावात अडीचेक एकर जमीन घेतली. दगडगोटे आणि काटेरी झुडपं, कुणी फुकट घेणार नाही अशी. तिकडच्या बोलीत अशा माळरानाला ‘आर्मास’ म्हणतात. फाब्रला नेमकं तेच हवं होतं, कारण तिथे किडे होते.

आणि माशाही होत्या. हिरव्या माशीच्या अळ्या मांस चावून खातात, असाच सगळ्यांचा समज. फाब्रने दोन काचेच्या नळ्यांत उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग टाकला आणि एकीतच अळ्या सोडल्या. अळ्यांच्या नळीतलं अंडं पाण्यासारखं पातळ झालं, दुसरीतलं होतं तसंच राहिलं. म्हणजे अळी आधी तोंडातून पाचक रस सोडते, अन्नाचं सूप करते आणि मग ते पिते! आपण गिळून पचवतो, ती पचवून गिळते.

निळ्या माशीचा प्रयोग तर थेट स्वयंपाकघरातला. शिकार करून आणलेल्या पक्ष्यांत ही माशी चोचीत किंवा डोळ्यांपाशी अंडी घालते, आणि घरधनिणीला अख्खा पक्षी फेकून द्यावा लागतो. फाब्रने मेलेले पक्षी साध्या कागदाच्या पाकिटात बंद करून टांगले. वासाने माशा आल्या, पाकिटावर फिरल्या, पण अंडी घातली नाहीत. जन्मलेली नाजूक अळी कागद भेदून आत जाऊ शकणार नाही, हे जणू आईला ठाऊक असावं. शिकार साध्या कागदात गुंडाळा, एवढा स्वस्त उपाय फाब्रने सुचवला.

सगळ्यात अजब प्रकार मात्र पुढचा. पोट भरलं की अळी जमिनीत शिरते आणि कोशात जाते. आत तयार झालेली माशी वर येणार कशी? पाय लुळे, पंख चुरगळलेले. फाब्रने काचेच्या नळीत कोश ठेवून वर वाळू भरली आणि बघत बसला. माशीचं कपाळ मधोमध उघडतं, दोन डोळे दोन बाजूंना सरकतात आणि मधून एक फुगा बाहेर येतो. तो फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. प्रत्येक धडकेला वाळू थोडी बाजूला होते आणि माशी तेवढी वर सरकते. वाळूचा थर जितका जाड, तितक्या कमी माशा जिवंत बाहेर पडल्या. उजेडात आली की फुगा आत जातो, कपाळ मिटतं, मग पंख उलगडतात. भिंगातून पाहिलं तर माशीच्या मिशांच्या वरच्या बाजूला त्याची कमानदार शिवण आजही दिसते.

हे सगळं त्याने दहा खंडांत लिहून काढलं, तेही गोष्ट सांगावी तशा भाषेत. डार्विन त्याच्या निरीक्षणाचा चाहता होता. फाब्रने मात्र उत्क्रांतीचा सिद्धांत शेवटपर्यंत मानला नाही. किड्यांची शहाणीव टप्प्याटप्प्याने आली असेल, हे त्याला पटेना. इथे तो चुकलाच.

प्रसिद्धी आली तेव्हा वय नव्वदीकडे झुकलं होतं. 1910 मध्ये सेरिन्यांत त्याचा सत्कार झाला. 1913 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष प्वांकारे भेटायला आले. 11 ऑक्टोबर 1915 ला तो गेला. ते माळरान आता संग्रहालय आहे.