पहिल्यांदा क्रूझवर जाताय? आधी अल्बर्ट बालीन यांची गोष्ट वाचा

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून क्रूझ सुटते तेव्हा तिच्यावर पहिल्यांदाच चढणारे बरेच जण असतात. त्यांचे प्रश्नही साधारण तेच असतात. केबिन कुठली घ्यायची? बोट लागली तर काय करायचं? फिरायला उतरलो आणि बोट निघून गेली तर? आणि चढल्या चढल्या लाइफ जॅकेट कसं घालायचं हे शिकायला का बोलावतात?

या प्रश्नांची उत्तरं एका माणसाच्या आयुष्यात सापडतात. त्यांचं नाव अल्बर्ट बालीन. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातले हे गृहस्थ एका जहाज कंपनीचे प्रमुख होते. जहाजातून सहलीला जाणारे लोक त्यांच्या आधीही होते. १८४४ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या जहाजांतून भूमध्य समुद्राच्या सहली झाल्या होत्या. पण राहणं, खाणं, करमणूक आणि बंदरावरची भटकंती हे सगळं एकाच तिकिटाभोवती बांधायचं, हा आजच्या क्रूझचा साचा बालीन यांनी रुजवला.

बंदराजवळचं घर आणि तिकिटांचा धंदा

बालीन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५७ चा. ज्यू कुटुंबातलं हे तेरावं अपत्य. वडील एका छोट्या एजन्सीत भागीदार होते. युरोपातून अमेरिकेला कायमचं निघालेल्या गरीब लोकांना जहाजाची तिकिटं मिळवून देणं, हा या एजन्सीचा व्यवसाय होता.

१८७४ मध्ये वडील गेले. अल्बर्ट तेव्हा १७ वर्षांचे होते. शाळेत फार चमकलेले नव्हते, पण धंद्यात उतरले आणि त्यांचं डोकं तिथे चाललं.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एडवर्ड कार या जहाजमालकाशी करार केला. त्या काळी स्थलांतरितांना जहाजाच्या तळातल्या मजल्यावर दाटीवाटीने कोंबलं जायचं. वरचा डेक पैसेवाल्यांसाठी राखून ठेवलेला असायचा. बालीन यांनी कार यांच्या मालवाहू जहाजांत फक्त स्थलांतरितच न्यायचे ठरवले. वर श्रीमंत प्रवासी नसल्यामुळे सगळा डेक त्यांना मोकळा मिळाला. भाडंही कमी ठेवलं.

हॅम्बुर्गमधली मोठी कंपनी होती हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन, म्हणजेच हापाग. बालीन यांनी सुरू केलेल्या भाड्याच्या युद्धात तिची चांगलीच दमछाक झाली. शेवटी १८८६ मध्ये हापागने बालीन यांनाच आपल्या प्रवासी विभागाचं प्रमुख केलं.

स्वस्त तिकिटात नेमकं काय मिळतं हे बघण्याची गरज आजही तेवढीच आहे. क्रूझच्या जाहिरातीतला आकडा हा बहुतेक वेळा फक्त सुरुवातीचा असतो. बंदर शुल्क, कर, सेवा शुल्क, दारू आणि शीतपेयं, वायफाय, बंदरावरच्या सहली यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे बुकिंगआधी विचारा. दोन कंपन्यांची तुलना करायची तर एकूण खर्चाची करा.

हिवाळ्यात बसून राहणारी बोट

१८८९ मध्ये हापागने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे नवं, वेगवान जहाज अटलांटिकवर आणलं. जहाज देखणं होतं, पण महागडंही होतं. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर वादळं आणि कडाक्याची थंडी असते. त्या दिवसांत प्रवासी घटायचे. जहाज धक्क्याला बांधून ठेवलं तरी खर्च काही थांबत नव्हता.

बालीन यांनी मग जहाज जिथे ऊन आहे तिथे न्यायचं ठरवलं. कुठेही पोचण्याची घाई नसलेल्या लोकांना घेऊन भूमध्य समुद्रात फिरवून आणायचं. कंपनीतल्या अनेकांना हा वेडेपणा वाटला.

२२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेन बंदरातून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ निघालं. जहाजावर २४१ प्रवासी होते. बालीन आणि त्यांच्या पत्नी मारियाने त्यांच्यासोबत होते. प्रवास जवळपास दोन महिन्यांचा होता. तो यशस्वी झाला आणि पुढच्या हिवाळ्यांतही अशा सहली निघू लागल्या.

म्हणजे क्रूझचा जन्मच मुळात हवामान बघून झाला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तारीख ठरवतानाही तेच करावं. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो, तर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तो बराच शांत असतो. बोट लागण्याची भीती असेल तर याच महिन्यांत जा.

बंदरावर उतरताना

त्या पहिल्या सहलीत जहाज जिब्राल्टर, अलेक्झांड्रिया, जाफा, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स अशा ठिकाणी थांबलं. अलेक्झांड्रियातून कैरो, जाफातून जेरुसलेम अशा सहली कंपनीने आधीच आखल्या होत्या. प्रवाशाने फक्त उतरायचं आणि निघायचं.

जाफाला मोठ्या जहाजांसाठी धक्का नव्हता. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहायचं आणि लोक छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जायचे. आजही अनेक ठिकाणी असंच होतं. या होड्यांना टेंडर म्हणतात. समुद्र खवळला असेल तर टेंडर बंद ठेवतात आणि ते ठिकाण हुकू शकतं. गुडघे दुखत असतील किंवा लहान मूल सोबत असेल, तर मार्गात टेंडरची किती बंदरं आहेत ते आधीच बघून घ्या.

वेळेची गोष्ट त्याहून महत्त्वाची. क्रूझ कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतःची टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि परतीच्या वेळेच्या किमान तासभर आधी धक्क्यावर या.

उशीपासून टोस्टपर्यंत

१८९९ मध्ये बालीन हापागचे सर्वोच्च अधिकारी झाले. पण सवय तीच राहिली. स्वतःच्या जहाजांतून प्रवास करायचा आणि बारीकसारीक त्रुटी वहीत लिहून ठेवायच्या. उशी, टॉवेल, टोस्ट गरम आला की नाही, काहीच त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. दुसऱ्यांना निवांत झोप लागावी म्हणून झटणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र निद्रानाश होता.

१९०० मध्ये त्यांनी फक्त सहलींसाठी बांधलेलं जहाज पाण्यात उतरवलं. ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईसे’. त्यात सगळ्या केबिन पहिल्या वर्गाच्या होत्या. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाजवळ कप्तानाने दीपगृह ओळखण्यात चूक केली आणि जहाज खडकावर चढलं. प्रवासी सगळे वाचले. कप्तानाने मात्र आपल्या केबिनमध्ये स्वतःला संपवलं.

कॉलरा आणि तळमजल्यावरचे प्रवासी

श्रीमंतांच्या या सहली लोकांच्या नजरेत भरल्या, पण हापागचं पोट भरत होतं ते स्थलांतरितांवर. १८५० ते १९३४ या काळात हॅम्बुर्ग बंदरातून सुमारे ५० लाख लोक परदेशी गेले.

१८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलराची साथ आली. काही आठवड्यांत ८,६०० च्या आसपास लोक मेले. रशियातून आलेल्या स्थलांतरितांवर बोट ठेवलं गेलं. पण शहर एल्बे नदीचं पाणी न गाळता पीत होतं, हे साथ एवढी पसरण्याचं मोठं कारण होतं. शेजारच्या अल्टोना गावात पाणी गाळलं जायचं आणि तिथे मृत्यू बरेच कमी झाले.

अमेरिकेने निर्बंध कडक केले. तिकडे आजारी म्हणून नाकारलेल्या माणसाला परत आणण्याचा भुर्दंड जहाज कंपनीवर पडायचा. बालीन यांनी १९०१ मध्ये वेडेल बेटावर स्थलांतरितांसाठी वसाहत उघडली. झोपण्याच्या खोल्या, स्नानगृहं, डॉक्टरी तपासणी, चर्च, सिनेगॉग आणि ज्यूंसाठी वेगळं स्वयंपाकघरही होतं. यात व्यवहार होता, पण आधी जिथे लोकांना कळकट खानावळींत लुबाडलं जायचं, तिथे त्यांना स्वच्छ अंथरूण मिळालं हेही खरं.

बंद जागेत एकत्र राहणाऱ्या हजारो माणसांत रोग पटकन पसरतो, हा धडा आजही लागू आहे. क्रूझवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस पसरतो, तेव्हा नुसतं सॅनिटायझर पुरेसं ठरत नाही. बुफेला जाण्याआधी साबणाने हात धुवा. उलट्या-जुलाब झाले तर लपवू नका, जहाजावरच्या डॉक्टरांना सांगा. जहाजावरचे उपचार महाग असतात, त्यामुळे समुद्रप्रवासाचा समावेश असलेला विमा काढा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनपाशी यायला काही तास लागू शकतात. रोजची औषधं आणि कागदपत्रं हातातल्या बॅगेतच ठेवा.

टायटॅनिकनंतर

१४ एप्रिल १९१२ रोजी हापागच्या ‘अमेरिका’ या जहाजाला दोन मोठे हिमनग दिसले. त्याचा बिनतारी संदेश पुढे पोचवला गेला तो टायटॅनिकवरून. त्याच रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळलं. जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती आणि लाइफबोटींत जागा होती १,१७८ जणांची. सुमारे १,५०० लोक गेले.

बालीन यांचं ‘इम्पेराटोर’ तेव्हा बांधून होत आलं होतं. ते जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज ठरणार होतं. टायटॅनिकनंतर त्यावर सगळ्यांना पुरतील इतक्या लाइफबोटी चढवण्यात आल्या. १९१३ मध्ये ते सेवेत आलं, पण फार डोलायचं. वरच्या भागात वजन जास्त झालं होतं. शेवटी संगमरवर काढलं, जड फर्निचरच्या जागी वेताचं आणलं आणि तळात सिमेंट ओतलं.

केबिन निवडताना हे लक्षात ठेवा. जहाज वर जास्त डोलतं, तसंच पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त हलतं. बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली केबिन घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. पोट रिकामं ठेवू नका, हलकं खा, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्या.

आणि ती सुरक्षा कवायत. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं, ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घेणं सक्तीचं आहे. तुमचं जमण्याचं ठिकाण कोणतं आणि केबिनपासून तिथे जिन्याने कसं जायचं, एवढं पाठ करा. त्या दहा-पंधरा मिनिटांत मोबाइल खिशात ठेवा.

ज्यांना वादळ टाळता आलं नाही

पहिल्या महायुद्धाआधी हापाग ही जगातली सगळ्यात मोठी जहाज कंपनी होती. कैसर विल्हेल्म दुसरा बालीन यांच्या घरी पाहुणा म्हणून यायचा. दरबारातल्या अनेकांना एका ज्यू माणसाची ही जवळीक खुपायची. बालीन यांनी धर्म मात्र बदलला नाही.

ब्रिटन आणि जर्मनीतली आरमारी चढाओढ युद्धाकडे जाईल हे त्यांना दिसत होतं. १९१२ मध्ये दोन्ही देशांत बोलणी व्हावीत म्हणून त्यांनी खटपट केली. जुलै १९१४ मध्येही ते लंडनला जाऊन आले. उपयोग झाला नाही.

युद्धात हापागची जहाजं बंदरांत अडकली किंवा जप्त झाली. ९ नोव्हेंबर १९१८ ला बर्लिनमध्ये कैसरने गादी सोडल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी हॅम्बुर्गमध्ये झोपेच्या औषधाची मोठी मात्रा घेतल्यानंतर बालीन यांचा मृत्यू झाला. वय ६१. ‘इम्पेराटोर’ पुढे ब्रिटिशांकडे गेलं आणि ‘बेरेंगेरिया’ झालं.

१९२३ मध्ये हापागने एका नव्या जहाजाला ‘अल्बर्ट बालीन’ हे नाव दिलं. नाझी सत्तेत आल्यावर १९३५ मध्ये ते नाव पुसून ‘हान्सा’ केलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, हॅम्बुर्गमधल्या एका मोठ्या रस्त्याला बालीन यांचं नाव देण्यात आलं. स्थलांतरितांच्या वसाहतीच्या जागी २००७ पासून ‘बालीनश्टाट’ नावाचं संग्रहालय आहे.

क्रूझवर आपल्याला कशाचीच काळजी करावी लागत नाही, कारण ती आधी कुणीतरी केलेली असते. पण जमण्याचं ठिकाण, परतीची वेळ आणि हातातली औषधं या तीन गोष्टींची काळजी अजूनही प्रवाशालाच करावी लागते. तेवढी करा आणि मग डेकवर खुर्ची टाकून निवांत बसा.