नागझिऱ्याच्या रस्त्यावर यशवंतराव

नागपूरहून नागझिऱ्याला जाताना भंडाऱ्याच्या अलीकडे जवाहरनगरची आयुध निर्माणी लागते. आमच्या ट्रिपच्या बसमध्ये तेव्हा अंताक्षरी रंगात आली होती, पण माझं डोकं त्या फॅक्टरीतच अडकलं. तोफा-रॉकेटना लागणारं प्रोपेलंट बनवणारा हा कारखाना १९६४ साली इथे, दोन्ही सीमांपासून शेकडो किलोमीटर आत उभा राहिला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

१२ मार्च १९१३ चा देवराष्ट्रे गावातला जन्म, वडिलांचं लवकर जाणं, विठाबाईंचे कष्ट, १९३२ चा तुरुंगवास, १९६० चं मुख्यमंत्रिपद हे सगळं शाळेत पाठ झालंय. आणि ते सह्याद्री-हिमालयाचं वाक्य ऐकून तर वक्तृत्व स्पर्धेत कान किटलेत! पण दिल्लीत जाऊन त्यांनी केलं काय, हे कुणी सांगत नाही.

२१ नोव्हेंबर १९६२ ला ते संरक्षणमंत्री झाले, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे हातात युद्ध नाही, उरलं ते पराभवाचं ओझं. मला वाटतं, त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. भाषणं ठोकण्यापेक्षा त्यांनी हिशेब मांडला. १९६४ मध्ये पंचवार्षिक संरक्षण योजना आणली : सव्वाआठ लाखांचं सैन्य, दहा पहाडी डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली तीही १९६३ सालीच. (आपले आजोबा त्या परेडच्या नावाने अजून कण्हतात!)

१९६२ नंतर शस्त्रं देणाऱ्या अमेरिकेने १९६५ च्या पाकिस्तान युद्धात पुरवठा बंद केला. घरचा दारूगोळा का हवा, ते तेव्हा नीट कळलं.

१९६६ च्या नोव्हेंबरात यशवंतराव गृहमंत्री झाले. १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला आणि नागपूरची जुनी प्रशिक्षण संस्था त्याच वर्षी राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. पुढे अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधानपद. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले.

त्या कायद्याला धोका दिसत होता तो शत्रूच्या हल्ल्याचा. आपत्ती त्यात आली ती २००९ च्या दुरुस्तीने. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली ती हल्ल्याचीच. पण त्याआधी, २४ जानेवारीला, जवाहरनगरच्या याच निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. तिथे कोणताही शत्रू आला नव्हता.