सांकवाळचे धर्मानंद

बौद्ध धर्माचे थोर पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी ह्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोमंतकातील सांकवाळ ह्या गावी झाला. प्रकृती क्षीण, शालेय शिक्षण नाममात्र, आणि कोवळ्या वयातच विवाह झालेला. घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख करण्यातच ह्या तरुणाचे आयुष्य जाणार, असे कोणासही वाटले असते. परंतु त्यांचे मन अत्यंत उदास असे. अशा मनःस्थितीत ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि बुद्धाचा उपदेश मुळातून शिकण्याचा ध्यास त्यांना लागला. मुलांचे मासिक हाती पडल्याने एवढे घडू शकते, हे आमच्या बालवाचकांस सांगताना आम्हांस विशेष आनंद वाटतो.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर असे करीत ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बौद्ध धर्माच्या शोधात १९०२ साली ते नेपाळात गेले. तेथे निराशाच पदरी आली. मग बुद्धगयेचे दर्शन घेऊन त्यांनी सिंहलद्वीप गाठले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

येथे आमची लेखणी थोडी अडखळते. मागे सांकवाळला त्यांची तरुण पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. प्राणिमात्राविषयी करुणा शिकावयास निघालेल्या पुरुषाने ही दोन माणसे मागे टाकली होती. त्यांच्या विद्वत्तेपुढे नतमस्तक होतानाही ही गोष्ट झाकून ठेवावी असे आम्हांस वाटत नाही. धर्मानंदांनीही ‘निवेदन’ ह्या आत्मचरित्रात आपल्या मनाची दुर्बलता झाकलेली नाही. १९०६ साली ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले, आणि बाळाबाईंस तिकडे घेऊन गेले. त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला तो असा.

कलकत्त्याची नोकरी चांगली होती. तथापि मराठी माणसांस बुद्धाची ओळख मराठीतच करून द्यावी, ही तळमळ त्यांस स्वस्थ बसू देईना. महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, ह्या अटीवर बडोद्याचे सयाजीराव महाराज दरमहा पन्नास रुपये देण्यास तयार झाले. तेवढ्यावर त्यांनी त्याहून पुष्कळ अधिक वेतन सोडले.

इतक्यात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. १९१० साली ते तिकडे गेले, ते ‘विसुद्धिमग्ग’ ह्या आचार्य बुद्धघोषांच्या पाली ग्रंथाचे संपादन करण्यासाठी. मन कसे सावध ठेवावे, हा त्या ग्रंथाचा एक मोठा विषय आहे. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे, चालता-बसताना, जेवताना आपण काय करीत आहो ह्याचे भान न सुटू देणे, असे त्यातले साधे पण कठीण पाठ आहेत. मैत्रीची भावना तर स्वतःपासूनच सुरू करावयास सांगितली आहे. नंतर आदरणीय व प्रिय माणसे, नंतर तटस्थ माणूस, आणि अगदी शेवटी वैरी. प्रथमच वैऱ्याकडे वळल्यास राग उसळतो, हे आचार्यांस पुरते ठाऊक होते. राग कशानेच शमत नसेल, तर त्या माणसास काही भेट द्यावी, असाही उपाय त्यांनी सुचविला आहे! वर्गात भांडणाऱ्या मुलांवर आम्ही हा उपाय अद्याप करून पाहिलेला नाही.

ह्याच ग्रंथापायी धर्मानंदांच्या मैत्रीभावनेची कसोटी लागली. संपादक म्हणून नाव कोणाचे, ह्यावरून प्राध्यापक लॅनमन ह्यांच्याशी तीव्र मतभेद झाले आणि १९१२ साली ते काम अपुरे ठेवून परतले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पाली शिकवू लागले. तरीही १९१८ साली बोलावणे येताच ते पुन्हा हार्वर्डला गेले, ह्या खेपेस माणिक व दामोदर ह्या मुलांसह. त्यानंतरही त्यांनी तिकडे फेऱ्या केल्या. अपमान विसरला गेला असे आम्ही म्हणणार नाही; पण ग्रंथ त्यांनी सोडला नाही.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. मुंबईस परळच्या कामगारवस्तीत १९३७ साली ‘बहुजनविहार’ स्थापला. १९४०-४१ साली ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. सिद्धार्थ मध्यरात्री निजलेल्या पत्नीस व बाळास सोडून गेला, ही सर्वांच्या ओळखीची कथा त्यात त्यांनी नाकारली आहे. शाक्य व कोलिय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शस्त्र धरणे नको, म्हणून सिद्धार्थ आईबापांच्या देखत, ते रडत असता, घराबाहेर पडला, असे पाली सूत्रांच्या आधारे त्यांचे मत होते. हे प्रकरण वाचताना आम्हांस सांकवाळचे घर आठवल्यावाचून राहत नाही.

वार्धक्य व व्याधी ह्यांनी जर्जर झाल्यावर, इतरांवर आपला भार नको म्हणून त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. १९४६ साली गांधीजींच्या सांगण्यावरून तो सोडला; परंतु पुढे सेवाग्रामला पुन्हा धरला, आणि ४ जून १९४७ रोजी तेथेच शांतपणे देह ठेवला. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ छापून बाहेर पडला १९५० साली.