आचार्य जगदीशचंद्र बोस

आमच्या कासारवाडीहून आगगाडीनें पुण्याकडे निघालें कीं दापोडीनंतर खडकी लागते. खडकीच्या बिनतारी केंद्रांतून १९२७ सालीं थेट विलायतेस संदेश जाऊं लागले. ज्या विद्येमुळें हें साधलें, तिच्या आरंभींच्या उपासकांत एक हिंदी प्राध्यापक होते. त्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

जगदीशचंद्रांचा जन्म बंगालमध्यें ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं झाला. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनीं मुलास प्रथम मातृभाषेच्या शाळेंत घातलें. पुढें कलकत्त्यास सेंट झेवियर्समध्यें व नंतर केंब्रिज येथें शिकून ते १८८५ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले. तेथें हिंदी अध्यापकास युरोपियनांहून कमी वेतन मिळे. जगदीशचंद्रांनीं अध्यापनांत कसूर केली नाहीं. परंतु तीन वर्षें पगारास स्पर्शही केला नाहीं. अखेरीस सरकारनें पूर्ण वेतन मागील बाकीसह दिलें.

विद्युल्लहरी भिंतींतून पार जाऊन घंटा वाजवितात, हें त्यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्तेकरांस दाखविलें. त्या काळीं लहरी ओळखण्यासाठीं धातूचा कीस भरलेली नळी वापरीत. लहर येतांच कीस एकमेकांस चिकटे व वीज वाहूं लागे. पण नळीस टिचकी मारल्यावांचून तो सुटत नसे. दिव्याचें बटन दाबावें आणि तें तसेंच अडकून बसावें, तसा हा प्रकार! बोसांनीं किसाऐवजीं पोलादी स्प्रिंगा घेतल्या व त्यांवरील दाब स्क्रूनें नेमका ठेविला. पुढें १८९९ सालीं त्यांनीं लोखंड व पारा यांचा ग्राहक रॉयल सोसायटीपुढें मांडला. तो टिचकीवांचून आपोआप पूर्ववत् होई.

सतत वापरानें ग्राहक मंदावतो व विश्रांतीनंतर पुन्हां सावध होतो, असेंही त्यांना आढळलें. दुसरा कोणी यंत्रास नांवें ठेवून मोकळा झाला असता. बोसांनीं त्या थकव्याचाच अभ्यास आरंभिला. त्यांतूनच ते धातू, स्नायू व वनस्पती यांच्या प्रतिसादाकडे वळले. त्यांचे सर्वच सिद्धान्त विद्वानांस पटले नाहींत. तथापि त्यांचा शोध थांबला नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं कलकत्त्यास संशोधनमंदिर उभारलें. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं ते निवर्तले.

आज रेडिओ-लहरींची वाट जोडण्या-तोडण्यासाठीं केसाहून पातळ पट्टीचे स्विच घडवितात. ते निमिषाच्याही अल्प अंशांत हलतात. परंतु स्पर्शस्थान चिकटणें व झिजणें, या अडचणी अद्याप संशोधकांस झगडावयास लावितात.

विद्यार्थ्यांनो, आपल्या परिसरांत अनेकांचे वडील कारखान्यांत यंत्रांवर काम करितात. यंत्र अडलें असतां तें कां अडलें, हें त्यांस अवश्य विचारा. बोसांच्या विद्येचा आरंभ अशाच प्रश्नांत होता.