आप्पासाहेब पंत : औंधचे राजपुत्र, भारताचे राजदूत

पुणेकरांना औंध म्हटले की विद्यापीठापलीकडचे उपनगर आठवते. आप्पासाहेबांचे औंध ते नव्हे. ते सातारा जिल्ह्यातील, यमाईच्या डोंगराखालचे छोटेसे संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पोटी ११ सप्टेंबर १९१२ रोजी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरची पदवी घेऊन ते परतले, तेव्हा राजवैभव समोर वाढून ठेवलेले होते. परंतु पितापुत्रांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. देशातील शेकडो संस्थानिकांमध्ये असे धाडस विरळाच!

१९४८ साली पंडित नेहरूंनी त्यांना भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस पाठविले. पूर्व आफ्रिकेत तेव्हा गुजरात, सौराष्ट्र, कच्छमधून गेलेले असंख्य व्यापारी होते. ओसवाल जैन बांधवांच्याही तेथे पेढ्या होत्या. वर इंग्रज राज्यकर्ता, खाली आफ्रिकी प्रजा आणि मध्ये आपला दुकानदार, अशी ती स्थिती. या भूमीवर पहिला हक्क आफ्रिकी माणसाचा आहे, त्याच्या बाजूने उभे राहा, हे आप्पासाहेबांचे सांगणे. धंद्याचे परवाने ज्या सरकारच्या हाती, त्याचाच रोष ओढवून घेणे किती कठीण, हे पेढीवर बसणाऱ्यासच कळेल. तरीही त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गांधीजींच्या स्मरणार्थ तेथील भारतीयांनी निधी जमवून जी अकादमी उभारली, ती पुढे नैरोबी विद्यापीठाच्या पायाशी आली.

जोमो केन्याटा यांच्याशी त्यांचा स्नेह होता. १९५२ मध्ये केन्याटांना अटक झाली. आप्पासाहेब वसाहत सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले, दिल्लीकडे तक्रारी गेल्या आणि १९५४ मध्ये त्यांनी नैरोबी सोडले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला व केन्याटाच त्याचे पहिले पंतप्रधान झाले. १९६८ च्या सुमारास हजारो भारतीयांना तो देश सोडावा लागला, तेव्हा कित्येकांना तो जुना सल्ला आठवला असेल.

पुढे गंगटोक येथे ते राजनैतिक अधिकारी होते. १९५८ मध्ये नेहरू नथुला ओलांडून भूतानला गेले, तो प्रवास त्यांच्याच कारकिर्दीतला. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली. १९९२ साली ते निवर्तले. वडिलांनी लावलेली सूर्यनमस्काराची सवय मात्र त्यांनी कोणत्याही राजधानीत मोडली नाही. त्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले.